म्युनिकचे पाहुणे

बनशंकरीला आमच्या घरी कस्तुरी अक्काला बघायला अभिराज आला, आईला घेऊन. पुण्याचा, इथं कॉम्प्युटर कंपनीत, नुकताच सहा महिने जर्मनीला राहून आलेला. अप्पांनी ठेवणीतलं इंग्रजी बाहेर काढलं, "सो, हाऊ वॉज म्युनिक?"

"म्युन्शन," तो म्हणाला.

अप्पा परत म्युनिक म्हणाले. त्यानं परत सुधारलं. अप्पांचे कान लाल झाले. मला वाटलं, ह्याच्या चहात मीठच टाकावं.

"इंग्रजीत म्युनिकच म्हणतात की," अक्का बोलली.

"म्हणू देत. तिथल्या लोकांनी ठेवलेलं नाव बदलणारे इंग्रज कोण?"

खोटं कशाला बोलू, हे मला पण स्वल्प पटलं.

मग उप्पीट खाता खाता त्याची आई म्हणाली, "लग्नात हिचं नाव श्वेता ठेवणार हं आम्ही. अभिराजनंच निवडलंय."

"कस्तुरी जरा जुनाट वाटतं ना," अभिराज लाजत म्हणाला.

अक्कानं त्याच्या हातातली बशी काढून घेतली, अर्धं उप्पीट तसंच.

"अप्पा, म्युनिकचे पाहुणे निघालेत. ऑटो बोलवा."