मातीचा डबा

शेवटचा स्क्रू आवळून हाझिमने फाटक हलवून पाहिलं. लोखंडी, पांढरं, कमरेइतकं उंच, आईच्या खोलीच्या दारात नेमकं बसलेलं.

"बघ आई, झालं तुझ्या मनासारखं. आता कुत्रं काय, कुत्र्याचा बापही तुझ्या खोलीत यायचा नाही."

इन्शिराह खाटेवर बसून बघत होती. मागितलं तिनेच होतं. पिल्लू घरभर बागडू दे, पण मी नमाज पढते तिथे त्याचं नाक नको. कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत, निदान माझी खोली तरी त्यांच्यासाठी राहू द्या. एवढंसं मागणं, तेही जीव मुठीत धरून केलेलं. कारण "जमत नसेल तर तांता गावाला जा मावशीकडे," असं मुलाने एकदा हसत हसत सुनावलं होतं. हसत सुनावलेलं जास्त लागतं.

बाहेर आज येणाऱ्या पिल्लाची तयारी जोरात होती. गालिचे गुंडाळून भिंतीशी उभे केले होते, खालच्या वायरींवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. खिडकीजवळ, कालपर्यंत तिची खुर्ची होती तिथे, मऊ गादी आली होती. पिल्लू पाय कुरतडेल म्हणून खुर्ची गच्चीवर गेली. खुर्चीची केवढी ती काळजी!

तेवढ्यात सून रीहाम तुपाचा एक जुना डबा दोन बोटांत धरून आली. डब्यात माती होती.

"आई, हे बाथरूममध्ये तुम्ही ठेवलंत?"

"कुत्र्याने भांड्याला तोंड लावलं तर सात वेळा धुवावं लागतं गं. त्यातलं एकदा मातीने. कुंडीतली आहे, उन्हात वाळवून, चाळून घेतलीय."

"कशाने चाळलीत? माझ्या पिठाच्या चाळणीने?"

म्हातारीने होकारार्थी मान हलवली.

"धन्य आहे! आम्ही पिल्लासाठी सगळं कैरो पालथं घालतोय आणि तुमची तयारी ही. बाथरूममध्ये चिखल नकोय मला. ठेवा आपल्या उशाशी." रीहामने डबा खाटेखाली सरकवला आणि हात धुवायला गेली.

पिल्लू आणायला निघायची घाई झाली. नात तालिया उड्या मारत आजीच्या दाराशी आली. "तेता, सिम्सिमला घाबरायचं नाही हं. तो तुझ्यापेक्षा खूप लहान आहे." आणि तिने फाटक खटकन लावून टाकलं.

"राहू दे बंदच," हाझिम म्हणाला. "आईलाही सवय होईल."

"उघडायचं कसं रे?"

"सोपं आहे. हे बटण दाबायचं, दाबूनच धरायचं आणि फाटक वर उचलायचं." त्याने एका हाताने करून दाखवलं. "नाहीच जमलं तर हाक मार."

"कुणाला?" तिने विचारलं. पण तोवर बाहेरचं दार लागलं होतं.

असरची, दुपार कलतानाची अजान झाली तेव्हा ती वजू करायला, नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला उठली. बटणावर अंगठा ठेवला. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांत तेवढा जोर कुठला? दोन्ही हातांनी दाबलं तर फाटक उचलायला हात उरेना. तिने ते ओढलं, ढकललं, खांदा लावला. मुलाने काम चोख केलं होतं, फाटक तसूभर हललं नाही. फोन बाहेर चार्जिंगला लावलेला. बाथरूमचा नळ नेहमीसारखा ठिबकत होता आणि तिला ऐकू येत होता. हे आपलंच मागणं, हे मनात आलं तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली.

समोरच्या इमारतीवरचं ऊन वर सरकत गच्चीपाशी पोचलं, तरी कुणी आलं नाही. आता नमाज हातची जाणार होती. ती खाली बसली, खाटेखाली हात घालून तिने डबा ओढला.

वाळवंटात पाणी न मिळालेल्या वाटसरूला तेवढी मुभा आहे. मातीवर तळवे टेकायचे आणि तोंडावरून, हातांवरून फिरवायचे. लहानपणी शिकलेली गोष्ट. जन्म नाईलच्या काठी गेला, कधी ती वेळ आली नव्हती.

तिने नमाज पुरी केली आणि लिफ्ट वाजली. हसणं, खिदळणं, बारीक कुंईकुंई, सगळं एकदम घरात शिरलं. पिल्लाला उराशी धरून हाझिम थेट फाटकापाशी आला.

"बघ, आला तुझा नवा नातू! आणि हे काय आई, कपाळाला माती कसली?"

इन्शिराहने नमाजाची चटई, मुसल्ला, उचलून घडी घातली.

"प्रवासात आहे, बाळा. वाटेत पाणी मिळालं नाही."