तिकोनी घडी

लोर्ना ट्वेटनं पिशवीतून झेंडा काढून टेबलावर ठेवला, आणि ड्वेननं तो लगेच ओळखला. ती तिकोनी घडी त्याच्याच हातची होती. दोन वर्षांपूर्वी दफनभूमीत, तिच्या सैनिक मुलाच्या, एरिकच्या, शवपेटीवरून उतरवून, कृतज्ञ राष्ट्राच्या वतीनं असं म्हणत, गुडघ्यावर बसून त्यानंच तो तिच्या मांडीवर ठेवला होता.

"हाही आजच्यात जाळा," ती म्हणाली.

माजी सैनिकांच्या सभागृहामागे पिंपात जाळ पेटला होता. दर जूनमध्ये गावातले विटके-फाटके झेंडे संघटना गोळा करी आणि इतमामानं जाळी. शाळेची मुलं मुद्दाम बोलावलेली असत; झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो, हे त्यांना लहानपणीच कळावं म्हणून. व्हिएतनामहून आल्यापासून ड्वेन हाफरकाम्प हेच करत आला होता. शाळांत जाऊन झेंड्याची घडी शिकवायची, निबंधस्पर्धा घ्यायच्या, चांगला नागरिक कसा असतो ते सांगायचं.

त्यानं तिला समजावून पाहिलं. इथं जाळतात ते झिजलेले झेंडे. हा तर एकदाही काठीवर चढलेला नाही. बाकीच्या आया काचेच्या पेटीत ठेवतात. नको असेल तर आम्ही सांभाळू, एरिकच्या वाढदिवसाला थडग्यापाशी फडकवू.

लोर्नानं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही घडी शिकवायला शाळेत आलात तेव्हा एरिक सहावीत होता," ती म्हणाली. "घरी येऊन त्यानं माझे सगळे टॉवेल तिकोनी करून ठेवले. एकही सोडला नाही. तुमच्यावर राग नाही माझा, ड्वेन. पण तो युद्धावरून परत आला होता. धडधाकट आला होता. आणि मग सव्वा वर्षानं गॅरेजमध्ये मला सापडला. हे मी भिंतीवर काय म्हणून लावू?"

सैन्यात जाताना एरिकला शिफारसपत्र ड्वेननंच दिलं होतं. अशी मुलं देशाला हवीत, असं त्यात लिहिलं होतं. परत आल्यावर एरिक एकदाच इथं आला होता. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, मुलांसमोर चार शब्द बोल म्हणून आग्रह केला. तो उभा राहिला, ग्लासभर पाणी प्याला आणि दारातून निघून गेला. मागोमाग कोणीच गेलं नाही. ड्वेनसुद्धा.

त्यानं झेंडा उचलला आणि जाळायच्या झेंड्यांच्या गठ्ठ्यावर सर्वांत वर ठेवला.

अकरा वाजता सगळे पिंपाभोवती उभे राहिले. झेंडे झिजल्याची खात्री देणारा तपासनीस म्हणून ड्वेन गठ्ठा घेऊन पुढे झाला. अध्यक्ष मर्ल स्टॉकीनं नेहमीचा प्रश्न विचारला, या झेंड्यांची ही अवस्था कशानं झाली? मग त्याची नजर वरच्या झेंड्यावर गेली. निळा रंग गडद, चांदण्या पांढऱ्याशुभ्र. तो खाली वाकून पुटपुटला, "ड्वेन, हा तर कोरा आहे."

लोर्ना शेवटच्या रांगेत, रिकामी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी होती.

ड्वेन ताठ झाला. तिच्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सेवेत झिजलाय, सर."

मर्ल बाजूला झाला.

बाकीचे झेंडे भराभर पेटले. हा सुती होता, घडी घट्ट होती. कडा काळ्या पडल्या, पण मधला भाग जळेना. सलामीला उचललेले मुलांचे हात आता अवघडले होते. हात खाली, असा हुकूम द्यायचं काम ड्वेनचं होतं. पण त्याची नजर आगीतून हलेना, आणि पोरं तशीच उभी राहिली.