साधनाचं वय

"वकिलाचा पंखा बी वकिलासारखाच. गरगर फिरतोय, वारा काही देईना," आशाबाई पदरानं वारा घेत सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

साधना हसली नाही. तिच्या मांडीवर प्रतिक्षा पेंगत होती. पलीकडच्या खुर्चीवर सासरे, किसनराव. दाराशी नवरा वैजनाथ, मोबाइलात मान घालून. आणि समोर अशफाक, ज्याला आज समजुतीनं सांगायचं म्हणून हिंगोलीला बोलावून घेतलं होतं.

गोष्ट जागेची होती. गोरेगावच्या रस्त्याला लागून असलेली ती जागा साधनाच्या वडिलांनी मरण्याआधी एकुलत्या एका लेकीच्या नावावर केली होती. दोन वर्षांमागं ती अशफाकला दहा वर्षांच्या करारानं भाड्यानं दिली. बाँडवर सही साधनाची. अशफाकनं तिथं पत्र्याचं शेड उभं केलं, हळद पॉलिश करायचा ड्रम बसवला. आता तिथं पेट्रोल पंप टाकायचं एकजण म्हणत होता आणि किसनरावांना रात्रीची झोप लागत नव्हती.

"हे बघा अशफाकभाई," वकील म्हणाले, "सहीच्या दिवशी सूनबाई सतरा वर्षांच्या होत्या. शाळेचा दाखला आहे. अठराच्या आतल्या माणसानं केलेला करार म्हणजे करारच नव्हे. नंतर मोडायचा प्रश्नच येत नाही, तो मुळात झालेलाच नाही."

अशफाकनं किसनरावांकडे पाहिलं. "काका, बाँड करताना तुमीच म्हणले होते का न्हाई, पोरगी एकोणीसची हाय म्हणून?"

"म्हणलो असंल," किसनराव छताकडे बघत म्हणाले. "माणूस बोलता बोलता बोलून जातो."

"वय खोटं सांगितलं असलं तरी फरक पडत नाही," वकिलांनी मदत केली. "कायदा लेकराच्या बाजूनं असतो."

लेकरू म्हणताच साधनानं मान वर केली. वकिलांनी टाइप केलेला कागद तिच्यापुढं सरकवला. ती मनातल्या मनात वाचू लागली. आठवीपर्यंत शिकलेली होती, अक्षर लागत होतं. 'सदर करार करतेवेळी मी वयाने अज्ञान होते व कराराचा अर्थ मला समजत नव्हता.'

अर्थ तिला समजत होता. बाँडवर शेवटची अट तिनंच घालायला लावली होती. बापानं लावलेलं कडुनिंबाचं झाड तोडायचं नाही. किसनराव तेव्हा हसले होते. अशफाक हसला नव्हता. त्यानं शेडचा पत्रा त्या झाडापाशी गोल कापून घेतला होता. सासरी आल्यापासून तिचं म्हणणं कुणी कागदावर घेतलं, ते तेवढंच.

"कर सही," आशाबाई हळूच म्हणाल्या. "उन्हं उतरायच्या आत जीप गाठू."

अशफाक भांडेल असं वाटलं होतं, तो भांडला नाही. अवघडला की माणूस लेकरांशी बोलतो, तसं त्यानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढला आणि जाग्या झालेल्या प्रतिक्षापुढं धरला.

"घे बाळा. किती वर्षांची झाली गं तू?"

प्रतिक्षानं आधी बिस्कीट घेतलं. मग अंगणवाडीत शिकवलेलं होतं तसं, अंगठा दुमडून उरलेली सगळी बोटं ताठ उभी केली.

अशफाकचा हात पुड्यासकट तसाच राहिला. त्यानं काही मुद्दाम विचारलं नव्हतं. पण त्याची नजर त्या बोटांवरून साधनावर गेली, टेबलावरच्या दाखल्यावर गेली आणि मग खाली आपल्या चपलांवर. साधनाच्या लग्नात पंगतीला तोही होता. नवरी मांडवात दोनदा झोपेनं पेंगली तेव्हा सगळ्या बायांबरोबर त्याची अम्मीही हसली होती. वय त्यानंही विचारलं नव्हतं.

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. परत काढलं. वैजनाथच्या मोबाइलचा उजेड विझला, तरी तो त्यातच बघत राहिला. आशाबाईंचा वारा घालायचा पदर तोंडावर आला. कुणीच कुणाकडे बघेना. हिशोब सोपा होता, म्हणूनच कुणाला करायचा नव्हता.

किसनराव खाकरले.

"लेकराला कुठं मोजता येतंय? बोटं दाखवायची म्हणून दाखवती. दोन बी पुरी झाली न्हाईत तिला. साहेब, तुमी लिहा. दीडची हाय."

"चार," प्रतिक्षा बिस्किटाच्या तोंडानं म्हणाली.

"गप ए! दीड!"

लेकरू दचकलं. त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं आणि एकेक करून दोन बोटं हळूहळू मिटून घेतली.

साधनानं तो कागद वकिलांकडे परत सरकवला. प्रतिक्षाचा चिकट हात हातात घेतला आणि मिटलेली बोटं पुन्हा उघडली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, आत्ताही चढवला नाही.

"मामा, माझं वय तुमी लागंल तवा वाढवलं, लागंल तवा कमी केलं. हिचं न्हाई करू देणार. ही चारचीच हाय. अन् ही झाली तवा मी पंधराची होते."