पावडरवरचं बाळ

आत नळ नुसताच वाहत होता, पण रोज बाथरूमचं दार बडवणाऱ्या आजीचा हात आज काही उठेना.

"एका लेकराची आई झालीस, तरी तुझा नट्टापट्टा संपत नाही!" असं म्हणत ती सोळा वर्षांच्या लेकीला रोज फैलावर घ्यायची. लेक गुपचूप बाहेर यायची, बाळाच्या भरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि शाळेला पळायची. "अंगावर पाजायचं नाही, शाळा बुडेल," हा आजीचाच हुकूम होता. वर "आमचं बाळ पावडरवर कसं गुटगुटीत झालंय बघा," असा चारचौघींत तोरा.

काल शेजारणीला दाखवायला म्हणून तिने महिन्यापूर्वी आणलेला फळीवरचा पावडरचा एकुलता डबा काढला, तर त्याचं सील अजून फोडलेलंच नव्हतं.