होल्टमान मॅडमची खुर्ची

“मॅडम, तुमची खुर्ची मला द्याल का?”

माइकवरून स्वतःचाच आवाज ऐकून गार्गी दचकली, पण खाली बसली नाही. मागच्या रांगेत जाई आणि नूर तोंडासमोर फाइल धरून खिदळत होत्या. पैज त्यांचीच होती. पाहुण्यांना हा प्रश्न विचारलास तर आठवडाभर बबल टी आमच्याकडून. सहा महिन्यांपूर्वी हजेरी देतानाही लाजणारी गार्गी आता असल्या पैजा एका दमात घ्यायची.

अख्खं सभागृह हसलं. स्टेजवरच्या इंगे होल्टमान मात्र हसल्या नाहीत.

एकाहत्तर वर्षांच्या त्या जर्मन बाईंनी आत्ताच आपली कारकीर्द सांगितली होती. सोळाव्या वर्षी बर्फात उभं राहून पक्षाची पत्रकं वाटली. मग परराष्ट्र खात्यात नोकरी. निवडणूक आली की रजा घेऊन उभं राहायचं, पडलं की मुकाट परत खात्यात. दोनदा पडल्या, तिसऱ्यांदा खासदार झाल्या. पुढे चार देशांत राजदूत. आता इथल्या तांजोंग पगार भागातलं पक्षाचं अभ्यासकेंद्र त्या सांभाळत होत्या.

“पक्षात पन्नास वर्षं सगळ्यांचा माझ्या खुर्चीवर डोळा होता,” त्या म्हणाल्या. “तोंडावर मागणारी तू पहिलीच. शाळा सुटल्यावर भेट मला.”

“मेलीस लाह!” नूर मागून इथल्या बोलीत कुजबुजली.

तीन वाजता गार्गी पाहुण्यांच्या खोलीत शिरली. एसी इतका गार की अंगावर काटा आला. मॅडम टेबलापलीकडे मोठ्या खुर्चीत बसल्या होत्या. चहाला त्यांनी हातही लावला नव्हता.

“कुठे राहतेस?”

“टॅम्पिनीसला. नवव्या मजल्यावर.”

“घरी कोण कोण?”

“आई आणि बाबा. नीता आणि सुबोध.”

“आईला हाक कशी मारतेस? जेवताना कुठल्या बाजूला बसतेस? दारातून आत गेल्यावर आधी काय करतेस?”

गार्गीला हसू आलं. “चपला काढते, मग फ्रिज उघडते. पण हे सगळं कशाला?”

“सवय,” मॅडम म्हणाल्या. “नव्या देशात नेमणूक झाली की जाण्याआधी आम्ही तिथली बारीकसारीक माहिती गोळा करतो. तिथे गेल्यावर चुकून चालत नाही.” त्यांचे ओठ हलत होते, पाठांतर करताना हलतात तसे.

मग त्यांनी विचारलं, “खुर्ची कशाला हवी तुला?”

या प्रश्नाने बांधच फुटला. “जूनमध्ये आम्ही पुण्याला परत जातोय. बाबांनी ठरवलं, आईने मान डोलावली, आणि मला कधी कळलं? घरात खोके आल्यावर! मी काही म्हटलं की ‘मोठी झालीस की ठरव.’ आणि तुम्ही! नुसता घसा खाकरलात तरी सगळे गप्प. मला तसं व्हायचंय. एक दिवस तरी.”

“एकच दिवस?”

“छे! कायमचं मिळालं तर आणखी काय हवं?”

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. “मला सगळं मिळालं, गार्गी. फक्त सोळावं वर्ष तेवढं पत्रकं वाटण्यात गेलं.” त्यांनी टेबलावरून दोन्ही हात पुढे केले. “आमच्याकडे चार्ज देण्याची रीत आहे. खुर्ची क्षणभरही रिकामी ठेवायची नाही. हात दे. डोळे मीट आणि दहापर्यंत मोज. तुझ्या भाषेत.”

ही गोष्ट जाईला सांगायला काय मजा येईल! गार्गीने डोळे मिटले. “एक, दोन, तीन...” सातला एसीचा आवाज बंद पडला. आठला हातातले हात निसटले. दहा म्हणेपर्यंत जिन्यावरून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाल्याचा आवाज आला.

तिने डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. ती टेबलापलीकडे, मॅडमच्या खुर्चीत बसली होती. इथे कधी येऊन बसली, तिला आठवेना. चहावर साय धरली होती.

खुर्ची मिळाली! आता बबल टी दोन आठवडे!

दप्तर दिसत नव्हतं. वर्गात राहिलं असेल, उद्या बघू. गेटवरच्या सिक्युरिटी अंकलनी चक्क सलाम ठोकला. बाहेर जाई आणि नूर उभ्या होत्या. गार्गीने हात हलवला, तर दोघी सावरून उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, “गुड आफ्टरनून, मॅम.”

“नाटकी कुठल्या!” म्हणून ती हसत पुढे निघाली. बस आलीच होती.

पासिर रिसला एमआरटी मेट्रोत चढली, तर एक ऑफिसवाला पटकन उठला आणि त्याने तिला जागा दिली. एका स्टेशनासाठी कोण बसतं? पण ती बसली. गुडघे ठणकत होते. सकाळपासून स्टेजची तयारी केली होती, दुसरं काय! सगळे अदबीने बघत होते. आत्मविश्वास आला की चेहऱ्यावर दिसतोच, असं शाळेच्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या ते काही खोटं नव्हतं.

लिफ्टमध्ये शेजारच्या मिसेस टॅन भेटल्या. रोज “गर्ल, ईटन ऑर नॉट?” म्हणत जेवलीस का विचारणाऱ्या त्या आज नुसत्या मान लववून बाजूला सरकल्या.

खिशात किल्ली सापडेना, म्हणून तिने बेल वाजवली. आतून वरणाच्या फोडणीचा वास आला. फ्रिजचं दार लागल्याचा आवाज झाला. आई तर ओट्याशी असणार, बाबा दारात येतायत. मग फ्रिजपाशी कोण?

दार उघडलं. समोर बाबा, त्यांच्यामागे झारा हातात घेतलेली आई. आता नाही तर कधीच नाही.

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. मी पुण्याला येणार नाही. इथेच राहणार.” आवाज कसा खर्जातला, ठाम लागला. वा!

दोघंही गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा.

मग बाबांनी घाईघाईने हात जोडले आणि मागे वळून हाक मारली, “गार्गी, अगं बाहेर ये! तू आत्ता सांगत होतीस ना, त्या जर्मन मॅडम आल्यात. आणि मराठी काय सुरेख बोलतात!”