साहेब येणार म्हणून

लायसन्स हातात पडल्यानंतरची त्याची ही पहिलीच पाहणी. आगीत स्वयंपाकघर जळालेल्या काकूंना आदल्या दिवशी त्याने फोन केला होता, तोही मोठ्या रुबाबात. "विमा कंपनीचा सर्व्हेअर बोलतोय. उद्या सकाळी घर पाहायला येतो."

काकूंनी दार उघडलं आणि त्याला थेट स्वयंपाकघरात नेलं. भिंतींवर धुराचं नाव नाही, फरशी लख्ख, ओट्यावर त्याच्या चहासाठी कपबशी मांडलेली.

"काकू, जळलेलं सामान कुठंय?"

"कालच कचरागाडीत दिलं सगळं. कपाटं, मिक्सर, पडदे. जाऊबाई आल्या होत्या घासायला. साहेब यायचे म्हटल्यावर घर काय तसंच ठेवायचं?"

कॅमेरा त्याच्या हातातच राहिला. रिपोर्टमध्ये डोळ्यांना दिसेल तेवढंच नुकसान लिहायचं, हा नियम. आणि पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावू नका, असं घरच्यांना आधी बजावायचं, हाही नियमच. लायसन्सच्या परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि पठ्ठ्याने उत्तर अगदी बरोबर लिहिलं होतं. फोनवर मात्र सर्व्हेअर म्हणून मिरवण्याच्या नादात नेमकं तेवढंच सांगायचं राहून गेलं.

आता काकूंना भरपाई कशाच्या जोरावर मिळवून द्यायची? त्याला मान वर करवेना.

त्याचा पडलेला चेहरा पाहून काकूच ओशाळल्या. कोपऱ्यातल्या हातभर काळ्या डागासमोर आडव्या उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या,



"एवढा एक काही केल्या निघाला नाही हो, साहेब. तेवढं पोटात घाला."