डोळे पिवळे झालेत

पिवळ्या तापाची साथ आल्यापासून डॉक्टर वॉर्डातच मुक्काम ठोकून होता. दुपारी बायकोचा निरोप आला, "अंगात ताप आहे, डोळे पिवळे झालेत." तो धावतपळत घरी आला, तिला खिडकीशी नेलं, पापण्या ओढून पाहिल्या. डोळे पांढरेशुभ्र आणि ताप नावालाही नाही.

"पिवळे कुठायत?"

"नुसता ताप म्हटलं असतं, तर गोळ्या पाठवून मोकळा झाला असतास."

तो उखडला. "अगं, तुला लस मी स्वतः टोचलीय! एकदा घेतली की जन्माची काळजी मिटते. हा ताप तुला होईलच कसा?"

तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. वॉर्डातल्या रबरी चपला तशाच होत्या.

"मग डॉक्टरसाहेब, हे वाटेत नाही का आठवलं?"